दक्षिण संघाची चिठ्ठी

माझ्या बायकोला माझ्या दाढदुखीपासून ऑफिसातल्या भांडणांपर्यंत सगळं ठाऊक आहे, पण हे नाही. भावाला नाही. ज्याच्या मेडिकलच्या दुकानात मी वर्षानुवर्षं संध्याकाळचा चहा प्यालो त्या उमेशला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — आणि ओळखत असतात तर थापच मारली असती. थाप मारण्यात मी बरा आहे, हे पुढे कळेलच.

गोष्ट एका खेळाची आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. तिशी ओलांडलेली, मिशा राखलेली माणसं दर रविवारी जव्हारमध्ये एका प्लायवुडच्या फळीभोवती बसून जगाची वाटणी करायची, यात हसण्यासारखं पुष्कळ आहे. मीही हसायचो. दुसऱ्यांना.

अठ्ठ्याण्णव साली राजस्थानात बॉम्बच्या चाचण्या झाल्या तेव्हा आमच्याकडे एसटी स्टँडवर पेढे वाटले गेले. वाटणाऱ्यांपैकी एकालाही किरणोत्सर्ग हा शब्द नीट उच्चारता येत नव्हता — मलाही नाही — पण एका दुपारीत सगळे महासत्ता झाले. वीज मात्र त्याही दुपारी गेलेलीच होती. आमचे सर, म्हणजे निवृत्त इतिहास शिक्षक, ज्यांच्या हाताखालून अर्धं जव्हार गेलं, त्यांनी पेढा घेतला नाही. घरी जाऊन त्यांनी चार ड्रॉइंग पेपर जोडून फळीवर जगाचा नकाशा चिकटवला आणि एक खेळ बनवला.

सरांच्या त्या जगात दुसरं महायुद्ध निराळंच संपलं होतं. अमेरिका आणि जपान एक होऊन महासागर संघ झाला होता, रशियासकट सगळा युरोप म्हणजे खंड संघ, आणि हिंदुस्थान, चीन, आफ्रिका मिळून दक्षिण संघ. प्रत्येकाकडे सैन्य, आरमार, धान्य, आणि लाल रंगवलेली सोड्याची बारा बुचं. ती बुचं म्हणजे अणुबॉम्ब. नियम पुष्कळ होते, पण तुम्हाला दोनच पुरेत. एक — बॉम्ब टाकण्याआधी ते 'सज्ज' करावे लागत, सगळ्यांसमोर. दोन — एकदा सज्ज केले की पुढच्या रविवारी चारच्या आत ते मागे घेतल्याची चिठ्ठी सरांच्या टेबलावर आली नाही, तर ते आपोआप सुटत. मग समोरच्याचेही सुटत. मग खेळ खलास. खऱ्या जगातही असंच आहे, सर म्हणायचे, शेवटचा निर्णय माणूस घेत नाही, उशीर घेतो.

चिठ्ठ्या टाकून संघ वाटले. मला महासागर, उमेशला खंड, आणि दक्षिण संघ गेला काशिनाथ गुरुजींकडे.

आता या काशिनाथबद्दल. साखरशेतच्या नाचणी पिकवणाऱ्या घरातला. मोखाड्याच्या पुढे एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मी मोखाड्यात पंचायत समितीत कारकून, घर जव्हारला, रोज जीपने जाणं-येणं. त्यामुळे तो रविवारी सरांकडे भेटायचा आणि आठवड्यात कधीतरी माझ्या टेबलासमोरही उभा असायचा. उभा — बसा असं मी त्याला म्हणत नसे. डोक्याला चपचपीत तेल, शर्टाचं वरचं बटणही लावलेलं, आणि बोलणं असं, की आधी घरच्या बोलीत विचार करून मग शाळेच्या मराठीत उतरवतोय हे ऐकणाऱ्याला कळावं. मला 'भाऊसाहेब' म्हणायचा. तसल्या घरातून येऊन सरांच्या ओट्यावर, त्या फळीभोवती, आमच्या बरोबरीने बसणारा तो पहिलाच. सरांना त्याचं अप्रूप होतं. मला? मला त्याचा राग नव्हता. राग बरोबरीच्या माणसाचा येतो, असं मी तेव्हा स्वतःला सांगायचो. इतका मी शहाणा होतो.

आणि दोन वर्षं हा माणूस त्या फळीवर एकही बॉम्ब सज्ज न करता टिकून होता. उमेश धमक्या द्यायचा, मी आरमार हलवायचो. काशिनाथ धान्य साठवायचा, रस्ते बांधायचा, आणि पहिल्याच महिन्यात त्याने माझ्याशी लेखी करार केला — दोघांपैकी कुणी पहिला वार करायचा नाही. मी सही केली, का तर सही फुकट होती. उमेश त्याला 'दक्षिण संघाचे ग्रामसेवक' म्हणायचा. मी खो खो हसायचो. काशिनाथही हसायचा, आणि ते मला जास्त खुपायचं.

एवढ्यावर भागलं असतं. पण सरांनी घर बंद करून नाशिकला मुलाकडे जायचं ठरवलं, आणि त्यांच्याकडे एक कपाट होतं. भिंतीएवढं. आयुष्यभर जमवलेले नकाशे, ॲटलास, इतिहासाची पुस्तकं. खेळ संपताना ज्याने आपला शब्द राखलेला असेल त्याला कपाट, असं सर एका रविवारी म्हणाले, आणि तिघांनाही कळलं की ते कुणाला जाणार. काशिनाथच्या शाळेत जगाचा एकच नकाशा होता आणि त्यातला वरचा कोपरा उंदरांनी नेला होता. त्याने सरांना विचारूनही ठेवलं होतं, की कपाट जीपच्या टपावर मावेल का. मला त्या पुस्तकांचं काही नव्हतं हो. मी दिवाळी अंकसुद्धा दुसऱ्याचा वाचतो. पण ते कपाट त्या पाड्यावर जाणार, हे काही केल्या मला गिळवेना. का गिळवेना? अजूनही नीट शब्द सापडत नाहीत. किंवा सापडतात, पण लिहिताना हात मागे येतो.

मग मी माझं सगळं आरमार त्याच्या किनाऱ्याला नेऊन लावलं. नुसती हूल. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. काशिनाथने दोन वर्षांत पहिल्यांदाच सात बुचं पुढे सरकवली. सज्ज. उमेशने टाळी वाजवली. आठवडाभरात विचार करून कळवतो, असं काशिनाथ म्हणाला आणि मोखाड्याची जीप गाठायला निघून गेला.

पुढच्या रविवारी त्याची पोलिओच्या बूथवर ड्यूटी लागली. शिक्षकांना तेव्हा कशालाही जुंपायचे. म्हणून शनिवारी दुपारी मोखाड्याच्या जीप स्टँडवर तो मला शोधत आला आणि त्याने चौकोनी घडी घातलेला वहीचा कागद माझ्या हातात दिला. सरांना द्या, म्हणाला. झालं. पाकीट नाही, डिंक नाही.

तुम्ही म्हणाल, शत्रूच्याच हाती कुणी चिठ्ठी देतं का? आमच्या डोंगरात देतात. जव्हार-मोखाड्याच्या मध्ये औषधं, लग्नपत्रिका, पोरांचे दाखले, माहेरचा निरोप — सगळं जाणाऱ्याच्या हाती जातं. जाणारा कोण आहे हे बघत नाहीत, तो जातोय एवढं बघतात. भावकीत वैर असलं तरी घेतलेली वस्तू पोचते. नाही पोचवली असं आमच्याकडे कुणाबद्दल ऐकलेलं नाही. काशिनाथ मोखाड्यात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला शोधत बसला असता, तर तो माझा अपमान झाला असता. त्याने माझा मान राखला. बघा.

जीप भरायची होती. मी पुढच्या सीटवर बसलो आणि कागद उघडून वाचला. परत घडी घातली. घाटातल्या वळणावर तो खालच्या खिशातून वरच्या खिशात ठेवला, जव्हारला उतरल्यावर पुन्हा खालच्या. तोवर काही ठरवलं नव्हतं, असं म्हणण्याचा मोह होतोय — पण ठरलं होतं. वाचतानाच ठरलं होतं.

रविवारी मी साडेतीनलाच सरांकडे गेलो. सर सारखे दाराकडे बघत होते. माझ्या खिशात कागद, हातात, घर आवरायला नाशिकहून आलेल्या सरांच्या सुनेने दिलेला चहा. चार वाजले. सरांनी आणखी पाच मिनिटं थांबू म्हटलं, तर मीच नियमावर बोट ठेवलं. सर उठले, दक्षिण संघाची सात बुचं त्यांनी माझ्या शहरांवर ठेवली, माझी त्याच्या शहरांवर, आणि ड्रॉइंग पेपरवरचे देश एकेक करून काळ्या कागदाने झाकले. दोन वर्षांचं जग पाव तासात संपलं. उमेश म्हणाला, असल्यांच्या हाती बॉम्ब दिल्यावर दुसरं काय होणार. मी हसलो. इतका मोठ्याने की आतून सरांची सून डोकावून गेली.

त्याच्या पुढच्या रविवारी काशिनाथ आला. झाकलेला नकाशा पाहून त्याला आधी समजेचना. मग तो सरांना म्हणाला, "सर, मी तं चिठ्ठी दिली ना. भाऊसाहेबांच्या हाती दिली."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढीच वेळ होती. विसरलो म्हटलं असतं तरी चाललं असतं — लोक विसरतात, त्यात काय. मी म्हणालो, "माझ्या हाती? नाही बुवा."

तेही शांतपणे. वर, गुरुजींचा काहीतरी घोटाळा होतोय, असं कनवाळूपणे जोडूनही दिलं. सरांनी चष्मा काढून धोतराला पुसला आणि काशिनाथला सांगितलं की चूक होते, पण ती दुसऱ्याच्या नावावर टाकू नये, शिक्षकाने तर मुळीच नाही. काशिनाथची मान खाली गेली. त्यानंतर तो सरांच्या ओट्यावर कधी चढला नाही, आणि सर नाशिकला गेले ते त्याला खोटारडा समजूनच गेले. दोन वर्षांनी वारले.

पहिला वार दक्षिण संघाचा ठरला, शब्द राखणारा मी, म्हणून कपाट माझ्याकडे आलं. हातगाडीवरून. उमेशने मागून धरलं होतं.

महिन्याभराने जीपचा ड्रायव्हर रामजी मला आरशात बघत म्हणाला, "गुरुजींनी कागद दिला तवा मी तिथंच होतो. सरांना सांगाया जात होतो. गुरुजीच नको म्हणाले." का नको, ते मी विचारलं नाही. त्यानेच सांगितलं — भाऊसाहेबांना रोज याच रस्त्याने यायचं-जायचं आहे, गावात त्यांचं तोंड काळं होईल, असं गुरुजी म्हणाले. म्हणजे त्याच्याकडे साक्षीदार होता. एका शब्दात तो मला संपवू शकत होता, सरांपुढे, उमेशपुढे, सगळ्या गावापुढे, आणि त्याने तो शब्द वापरला नाही. हे ऐकून मला काय वाटलं असेल? शरम? छे. मनात म्हटलं, मेषपात्र आहे लेकाचा. किती दिवस असंच म्हणत राहिलो, ते मोजायची हिंमत नाही.

तुच्छता ही मोठी सोयीची वस्तू आहे. ज्याच्याशी वाईट वागलो त्यालाच हलका ठरवायचा, की आपण परत सरळ चालायला मोकळे. मी चाललो. प्रमोशन घेतलं. ऑफिसात कुणी वेळेवर कागद पोचवला नाही तर त्याला चार लोकांत झापलंही.

पाच-सहा वर्षांनी तो माझ्या टेबलाशी आला. शाळेसाठी नकाशे मिळावेत असा मागणी अर्ज घेऊन. केस पांढरे व्हायला लागलेले, बटण तसंच लावलेलं. या वेळी मी त्याला बसा म्हटलं, पण तो उभाच राहिला. मी शिक्का मारला. आजूबाजूला कुणी नव्हतं, जेवणाची सुट्टी होती. अर्ज घेता घेता त्याने अगदी हळू विचारलं, "भाऊसाहेब, ती चिठ्ठी तुम्ही वाचली तरी होती का?"

त्याला कपाट नको होतं. माफी नको होती. एवढंच हवं होतं. हो म्हणायला एक अक्षर लागतं.

मी म्हणालो, "कसली चिठ्ठी?"

त्याने मान हलवली, अर्जाची घडी घातली आणि तो जावक नंबर घ्यायला पुढच्या खिडकीकडे गेला.

वाचली होती. जीप भरेपर्यंत दोनदा वाचली होती. अक्षर फळ्यावर लिहितात तसं मोठं, सुटं होतं. लिहिलं होतं — सर, मी माझे बॉम्ब मागे घेत आहे. भाऊसाहेबांचं आरमार तिथेच राहिलं तरी चालेल. ते दगा देणार नाहीत, त्यांना मी ओळखतो.