हवेतल्या पाळण्यांची रांग

हिंजवडीत मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या इमारतीच्या एका अंगाला दुसरी काचेची इमारत होती आणि दुसऱ्या अंगाला अजून ऊस उभा होता. मी अकोल्याची. गणितात एम.एस्सी. केलेलं, आणि प्रोग्रॅम लिहायला कंपनीनेच शिकवलेलं. आधी एका विमा कंपनीचं रटाळ काम केलं आणि मग मला एका नव्या गटात टाकण्यात आलं. युरोपात एक थीम पार्क उभं राहत होतं. तिथल्या हॉटेलांपासून पार्कच्या दारापर्यंत लोकांना नेण्यासाठी रोपवे बसणार होता, एका दोरावरून सतत फिरत राहणाऱ्या बंद पाळण्यांचा. गर्दीच्या दिवशी माणसाला या पाळण्यासाठी किती वेळ रांगेत उभं राहावं लागेल, हे आम्ही संगणकावर मांडून सांगायचं होतं. आमच्यापैकी एकानेही असा पाळणा जन्मात पाहिला नव्हता.

गटाच्या प्रमुख होत्या मॅडम. कंपनीत सगळ्यांनी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायची पद्धत होती, अगदी साहेबांनासुद्धा. पण त्यांच्यापुढे तशी हाक कोणाच्या तोंडून निघत नसे. पन्नाशीच्या, शहरात मंडईजवळ राहणाऱ्या. बरीच वर्षं त्यांनी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलं होतं. त्यांचेच विद्यार्थी भराभर आयटीत जाऊ लागले, तेव्हा त्यांनीही एके दिवशी राजीनामा दिला. का, असं मी एकदा धीर करून विचारलं. फळ्यावर लिहिलेलं फळ्याबाहेर चालतं का ते पाहायचं होतं, एवढंच त्यांनी सांगितलं.

पार्कवाल्यांनी सगळे आकडे पाठवले होते. एका पाळण्यात आठ जागा. स्टेशनात पाळणा थांबत नाही. तो गोगलगायीच्या चालीने सरकत राहतो आणि तेवढ्यात लोकांनी आत जाऊन बसायचं. पाळण्यांची संख्या, दोराचा वेग, सगळं दिलेलं. आम्ही तरुण मंडळींनी ते घालून प्रोग्रॅम चालवला. रांग जवळपास लागतच नव्हती. पार्कच्या माहितीपत्रकात जे आश्वासन छापलं होतं, तेच उत्तर आमचंही आलं, म्हणून आम्ही खूश होतो.

मॅडमनी पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "यात बसतंय कोण?"

माझ्या शेजारचा मुलगा म्हणाला, "माणसं."

"मला नाही दिसली. मला साखरेची पोती दिसतायत. पोती अशीच बसतात, एकाला एक लावून, आठच्या आठ."

मग त्यांनी शांतपणे सांगितलं की येत्या शनिवारी सकाळी प्रत्येकाने घरची माणसं घेऊन ऑफिसला यायचं. म्हातारी, लहान, जी असतील ती. ज्यांचं पुण्यात कोणी नाही त्यांनी मित्र आणायचे.

शनिवारी पार्किंगच्या मोकळ्या जागेत कंपनीची एक बस उभी होती. मॅडमनी ती चालकासकट मागून घेतली होती. व्यवस्था पाहणारे अधिकारी दारातच उभे होते आणि कोणी पडलं तर काय, म्हणून हुज्जत घालत होते. मॅडमनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि त्यांनाच दाराशी हात द्यायला उभं केलं. बसने चालत्या पाळण्याचं काम करायचं होतं. तिने अगदी सावकाश सरकत राहायचं, प्रत्येक फेरीला आठ जणांनी चढायचं, बस पुढे जाऊन वळसा घेऊन परत यायची. चालक मुळशीकडचा होता. तो म्हणाला, "मॅडम, याच्यापेक्षा हळू घेतली तर बंद पडंल." मॅडमनी त्याला तोच वेग धरायला सांगितला.

माझी आई तेव्हा अकोल्याहून माझ्याकडे आली होती. तिला मी समजावून सांगितलं होतं की आम्ही पाहणी करतोय, तू फक्त तुझा नंबर आला की चढ. तिने मान हलवली. पण तिच्यापर्यंत सात जण चढून एकच जागा उरली, तशी तिने माझा हात घट्ट धरला. "तू चढशील तवाच मी चढन," म्हणाली, आणि जागेवरून हलली नाही. बस एक जागा रिकामी घेऊन पुढे गेली. मला ओशाळल्यासारखं झालं. मॅडमनी मात्र आईकडे वळून, "अगदी बरोबर केलंत," म्हटलं, आणि ते तोंडदेखलं नव्हतं. नंतरच्या एका फेरीला पाच जणांचं कुटुंब चढलं. मागे चौघांचं होतं. त्यांच्यातल्या तिघांना जागा होती, पण चौथ्याला मागे ठेवून कोणी जाईना. पुन्हा तीन जागा रिकाम्या. एका सहकाऱ्याची बायको बाबागाडी घेऊन आली होती. बाळ उचलायचं, गाडी मिटायची, ती आत घ्यायची, एवढ्यात बस दारासकट पुढे गेलेली असायची. व्यवस्थेचे अधिकारी धावत जाऊन तिला हात देऊ लागले, आणि थोड्या वेळाने तर तेच आम्हाला सूचना करू लागले.

शेवटी मॅडमचे वडील आले. ऐंशीच्या पुढचे, काठी घेऊन, पांढरा सदरा, टोपी. सरकत्या बसच्या दाराबरोबर ते थोडं चालले आणि थांबले. मॅडम म्हणाल्या, "बाबा, नाही चढलात तरी चालेल. तेही मला हवंच आहे."

"तरुणपणी धावत्या बसमध्ये चढलोय मी," ते म्हणाले. "आता बसने माझ्यासाठी थांबावं."

चालकाने बस थांबवली. बाबा सावकाश चढले, खिडकीशी बसले, काठी दोन गुडघ्यांमध्ये उभी केली आणि चालकाचे आभार मानले. मॅडम घड्याळ पाहत होत्या. आमच्याकडे न बघताच त्या हळू आवाजात म्हणाल्या, "आत्ता दोरावरचे सगळे पाळणे हवेत थांबले."

आम्ही खरोखरच वर पाहिलं. दोर एकच. एक पाळणा थांबला की सगळे थांबणार, आत बसलेल्या माणसांसकट, आणि खाली रांग वाढत राहणार. कागदावरच्या आकड्यांत हे कुठेच नव्हतं.

पुढचे काही आठवडे आम्ही त्या प्रोग्रॅममध्ये माणसं घातली. हात न सोडणारी, बाबागाडीवाली, काठीवाली, चाकाच्या खुर्चीवरची. रांग भराभर वाढत गेली. सकाळी पार्क उघडायच्या सुमाराला ती माहितीपत्रकातल्या आश्वासनाच्या कितीतरी पट झाली. मग आमचे विक्री विभागाचे साहेब आले. गिऱ्हाईक नवं होतं, पुढची कामं त्याच्यावर अवलंबून होती. त्यांनी गोड शब्दांत सुचवलं की आकडा थोडा मऊ करता आला तर बरं.

मॅडम म्हणाल्या, "अहो, मऊ भात करतात."

एवढं बोलून त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या, आणि साहेब उठून गेले. मी त्या खोलीत होते. नोकरीत नवी असताना वरच्या माणसाला नाही कसं म्हणायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. आवाज न चढवता, कोणाचा अपमान न करता ते म्हणता येतं, हे त्या दुपारी कळलं.

मग पार्कवाल्यांशी फोनवर बैठक झाली. मॅडमनी आधी आकडा सांगितला, मग कारण. पार्कच्या मुख्य इंजिनियरने विचारलं, हे तुम्हाला कळलं कसं? मॅडमनी बसची हकीकत सांगितली, बाबांसकट. पलीकडे कोणीतरी हसलं. त्या थांबल्या, हसू संपू दिलं आणि पुढे बोलू लागल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. ज्यांना वेळ लागतो त्यांच्यावर घाई लादू नका, त्यांच्यासाठी बाजूला वेगळा फाटा काढा. तिथे पाळणा मुख्य दोरापासून सुटून पूर्ण थांबेल, माणसं आरामात बसतील, आणि मग तो पुन्हा रांगेत मिसळेल. इंजिनियर हळूच म्हणाला की असा फाटा पहिल्या आराखड्यात होता, खर्च वाचवायला काढून टाकला. मॅडम म्हणाल्या, "मग तुम्हाला माझी गरज नव्हती. तुमचंच तुम्ही ऐकायला हवं होतं."

काम हातचं गेलं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. महिनाभर काही कळलं नाही. मग नवा आराखडा आला, त्यात दोन्ही टोकांना फाटा होता, आणि सोबत विनंती, की आता पुन्हा मोजून द्या.

पार्क उघडलं तेव्हा गटातल्या एकाला बोलावणं आलं. सगळ्यांना वाटलं मॅडम जातील. त्यांनी माझं नाव दिलं. माझा तो पहिला विमानप्रवास. सकाळच्या गर्दीत मी सामान्य पाहुण्यासारखी रांगेत उभी राहिले. दाराशी अपेक्षित वेळ लिहिलेला होता, जुन्या माहितीपत्रकातला नव्हे, खरा. लोक तो वाचत होते आणि बहुतेक जण थांबत होते. रांग लांब होती पण हलत होती. स्टेशनात पोचल्यावर मी माझा पाळणा सोडून दिला आणि फाट्याच्या कठड्याशी गेले. एक वृद्ध बाई चाकाच्या खुर्चीवरून उठून आत बसत होत्या. त्यांना कोणी घाई करत नव्हतं. शेजारून बाकीचे पाळणे सरकत होते.

मी तिथूनच मॅडमना फोन लावला. आकडे किती जुळले ते सांगायला सुरुवात केली, पण त्यांनी मध्येच थांबवलं. ते अहवालात येईल, म्हणाल्या. त्यांना जाणून घ्यायचं होतं की रांगेतली माणसं काय करतायत.

मी मागे वळून पाहिलं. मुलं कठड्याला लोंबकळत होती, एक जोडपं एकाच पुड्यातलं काहीतरी खात होतं, कोणी नकाशा उलटा धरून वाद घालत होतं. मी तसं सांगितलं.

"छान," त्या म्हणाल्या. "आणि तू बसलीस की नाही अजून?"

मी नाही म्हटलं आणि पुन्हा सरकत्या पाळण्यांकडे गेले. पुढचा पाळणा आला तेव्हा फोन कानालाच होता. आत एक कुटुंब बसलं होतं. त्यांनी सरकून मला जागा करून दिली.