टोपीखालची लाल ओल

मकरपुऱ्याचा आमचा गुजराती मिस्त्री गाडी बघायला आला की आधी बॉनेट उघडत नाही. गाडीत बसतो, किल्ली फिरवतो आणि डोळे मिटून ऐकतो. मधे कुणी बोललं की म्हणतो, "सबूर! तिला बोलू द्या ना."

आमचे हे दारातल्या याच जुन्या गाडीची टॅक्सी चालवायचे. ते गेल्यावर मी लोकांच्या पोळ्या लाटल्या, पण गाडी विकली नाही. यंदा दसऱ्याला तिची पूजा केली आणि दुसऱ्या दिवशी ती चालूच होईना. लेक म्हणाला, "आई, आता बस झालं. मिस्त्रीनं हात टेकले तर भंगारात देतो."

मिस्त्रीनं पेट्रोल हुंगलं, वायरी चाचपल्या. मग इंजिनातली, प्रत्येक प्लगला करंट वाटून देणारी काळी टोपी काढली. आत ओल होती, तीही लाल. पूजेला मीच बॉनेट उघडून तांब्याभर पाणी शिंपडलं होतं, वर कुंकू वाहिलं होतं. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि खिशातल्या फडक्यानं टोपी पुसली. उन्हात धरली, फुंकर मारली, बसवली. किल्ली फिरवली तशी गाडी धडधडली.

"काय झालं होतं?" लेकानं विचारलं.

"कंई नाही, भाई. दमट हवेनं भेज लागला होता, ओल धरली होती. गाडी अजून जवान आहे."

लेकानं बॉनेट लावलं. भंगाराचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

जाताना मिस्त्री माझ्यापाशी वाकून, त्यांच्यात आईला हाक मारतात तशी मारून हळूच म्हणाला, "बा, पुढच्या दसऱ्याला हार बाहेरून घाला. आणि पाणी तुळशीला."