मालकांची बायको

माझा मामा घरांचा एजंट. तीस वर्षं लोकांची घरं विकतोय, आणि त्याच्या ऑफिसात कागद टाइप करणाऱ्या मला सोडलं तर त्याला तोंडावर बोलायची कुणाची टाप नाही. घर दाखवताना मालक घरात नको, हा त्याचा नियम. मालक ओल आलेल्या भिंतीची बाजू घेऊन भांडतात आणि गिऱ्हाईक काढता पाय घेतं. म्हणून स्वतःचं घर विकायला काढलं तेव्हाही तो मालक झालाच नाही, एजंटच राहिला.

घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मामीचे गुडघे कामातून गेलेले. मागच्या गल्लीतलं तळमजल्यावरचं एक घर तिच्या मनात भरलं होतं, पण ते महिनाअखेरपर्यंतच थांबणार होतं. हे विकलं तरच ते मिळणार. आणि गिऱ्हाईक तर आधी विचारतं, का विकताय? जिना झेपत नाही म्हटलं की संपलंच. तेव्हा माझ्यासमोर मामा पहिल्याच गिऱ्हाइकाला म्हणाला, "मालकांची बायको गेली हो. एकटे असतात बिचारे. घर खायला उठतं."

"मामा, तुझ्या जिभेला काही हाड?" मी जिन्यातच त्याला झापलं.

"अगं, धंद्यातलं बोलणं ते. मनावर काय घेतेस?"

मामी तेव्हा खाली आमच्या ऑफिसात बसली होती. दर वेळी तिला कठडा धरून तीन मजले उतरावं लागायचं, आणि माझा खरा राग त्याचाच होता.

पुढे मामाची गोष्ट वाढत गेली. आधी आजार आला, मग शेवटचे दिवस, मग "ओट्यापाशी उभी होती, तिथेच कोसळली." सांगताना तो ओट्यावरून हात फिरवायचा. मामीच्या चपला, चष्मा, फोटो त्याने ट्रंकेत टाकले, घर मोकळं दिसावं म्हणून. गिऱ्हाईक गेल्यावरही ते बाहेर आले नाहीत. एकदा मामी मला म्हणाली, "आज ह्यांनी चहा केला, तर एकच कप केला गं." ती हसली.

शेवटी एक निवृत्त शिक्षिका आल्या. मामाने नंतर सांगितलं, स्वयंपाकघरात बराच वेळ एकट्याच थांबल्या आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "घेते."

कागद टाइप करताना माझ्या लक्षात आलं, घर दोघांच्या नावावर आहे. इतरांच्या वेळी मामा सगळ्यात आधी हेच विचारतो, नाव कुणाकुणाचं? स्वतःच्या वेळी साफ विसरला. "मामीची सही लागेल," मी म्हणाले, तर मी काहीतरी अभद्र बोलल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

नोंदणी कार्यालयात मामीला बघून शिक्षिकांचा चेहरा पांढरा पडला.

"ह्यांना मी पाहिलंय. ओट्यापाशी," त्या मामाला म्हणाल्या. "तुम्ही तर म्हणालात, मालकांची बायको गेली. मला वाटलं, मला दिसल्या त्या त्याच."

"कोण गेलं?" मामीने विचारलं. मामा हातातली किल्ली चाळवत राहिला. मग तीच म्हणाली, "आणि मी नव्हते हो तिथे. मी खाली होते, हिच्याजवळ."

ते खरं होतं. त्या वेळी मी तिच्या गुडघ्यांना मलम चोळत होते.

"मी त्यांना विचारलं, आता तुम्ही कुठे जाणार?" शिक्षिका हळूच म्हणाल्या. "तर म्हणाल्या, मला जिना उतरवत नाही, मी इथेच राहते. मीही एकटीच आहे. म्हटलं, सोबत होईल."

मामीने मामाकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मला वाटलं, आता उठून जाते. पण तिने कागद पुढे ओढला आणि सही केली. "मला तळमजल्यावर राहायचंय," ती म्हणाली.

मामाने किल्ली शिक्षिकांपुढे धरली, पण हातातून सोडेना.

"मी अधूनमधून येऊन गेलो तर चालेल ना?" त्याने विचारलं. "तिला एकटीला करमत नाही."

मामी त्याच्या शेजारच्याच खुर्चीत बसली होती.