डासांवरचे उपाय आणि सासूबाईंचा रांजण

लग्न होऊन मी परंड्याला आले त्या वर्षी दिवाळीच्या आधी मला हिवताप आला. दिवसाआड दुपारी थंडी भरायची, दात वाजायचे, मग अंग तापायचं, आणि संध्याकाळी घाम आला की मी भाकरी थापायला बसायची. घरात आम्ही तिघंच होतो. मी, आमचे हे आणि सासूबाई. हे सरकारी शाळेत मराठीचे मास्तर होते. राज्य निजामाचं, त्यामुळं सगळा कारभार उर्दूत चालायचा, आणि यांची उर्दू त्यांच्या मराठीपेक्षा बरी होती.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कोयनेल, म्हणजे क्विनाइन दिलं. त्यानं आठ दिवस कानात भुंगे गुणगुणत राहिले, पण ताप उतरला. डॉक्टर यांना म्हणाले, "मास्तर, लढाईमुळं गोळ्या मिळंनात. दुसऱ्या खेपेला मी काय देणार? डास चावू देऊ नका."

हे 'बरं' म्हणाले. मला धीराचं एक वाक्य बोलले नाहीत. घरी येताना एक कोरी वही मात्र घेऊन आले.

वहीत पहिला उपाय लिहिला तो करंजाच्या तेलाचा. दिवेलागणीला हे अंगणात बाजेवर बसले. दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे, डाव्याला तेल, उजवा कोरडा. डास चावेल तिथं मी टाक लाल शाईत बुडवून ठिपका द्यायचा, असं ठरलं. यांनी हलायचं नाही आणि खाजवायचंही नाही.

"अहो, उजव्या हाताला उगीच किती चावून घेता?" मी विचारलं.

"तो हात तुलनेसाठी हाय," हे म्हणाले.

करंजाच्या तेलानं डास अर्धा तास लांब राहिले. तेल वाळलं तसे परत आले. लसणाच्या रसानं डास गेले नाहीत, सासूबाई उठून शेजारी गेल्या. कडुलिंबाच्या ओल्या पाल्याचा धूर सगळ्यात गुणकारी ठरला. धूर असेपर्यंत घरात एकही डास नव्हता. आम्हीही नव्हतो. आम्ही तिघं अंगणात डोळे पुसत उभे होतो आणि डासही तिथंच होते.

चौथ्या दिवशी हे शाळेत गेले ते तासाभरात परत आले. हेडमास्तरांनी यांच्या हातावरचे ठिपके लांबूनच बघितले आणि गोवर समजून घरी धाडलं. शाई काही केल्या निघेना. आठवड्याची सुट्टी मिळाली, ती यांनी ओव्याच्या धुरीवर घालवली.

मग मच्छरदाणी. ती परंड्यात मिळेना, म्हणून हे बैलगाडीनं बार्शीला गेले. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, वाटेत निजामाचा नाका. येताना नाकेदारानं गठुडं सोडलं, जाळी हाताळून बघितली आणि विचारलं, "मास्तर, मासे कुठं धरता?" आम्ही लिंगायत, मासे घरात चालत नाहीत. यांनी नाक्यावरच खाली बसून डास आणि हिवताप यांचा संबंध समजावून सांगितला. शेवटी नाकेदारानं कंटाळून सोडून दिलं.

मच्छरदाणी एकाच बाजेपुरती होती. यांनी ती माझ्या बाजेवर बांधली. सासूबाईंना ते बघवेना. "जित्या माणसावर पांढरं कापड घालून निजवता व्हय?" त्या म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण त्या घरात मला सलग झोप लागली ती त्या दिवसापासून.

चुलीपुढं मात्र मच्छरदाणी बांधता येत नाही. संध्याकाळी स्वयंपाक करताना डास पायाला फोडून काढायचे. यांनी बराच विचार केला आणि दोष किल्ल्याच्या खंदकावर ठेवला. खंदकात पाणी साठलेलं, त्यावर शेवाळ, आणि आमचं घर जवळ. यांनी तहसीलदारांना चार पानी उर्दू अर्ज लिहिला.

दीड महिन्यानं हिवतापाच्या कामावरचे एक दारोगा आले. हातात लांब दांड्याची पळी आणि पांढरी वाटी. हे त्यांना खंदकावर घेऊन गेले. दारोगांनी दहा ठिकाणचं पाणी पळीनं काढून वाटीत बघितलं.

"मास्तरसाब, इथं कायच न्हाय," ते म्हणाले. "खंदकात मासे हायत. डासाची अळी झाली की ते खाऊन टाकतात. तुमचं घर बघू."

घरी येऊन ते थेट परसात गेले. तिथं सासूबाईंचा रांजण होता, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. आमच्या आडाचं पाणी जड, त्यात तुरीची डाळ शिजायची नाही. म्हणून सासूबाई पावसाळ्यात चार खुंट्यांना धोतर बांधून पावसाचं पाणी धरायच्या, रांजणात साठवायच्या आणि डाळीपुरतं वापरायच्या. रांजणावर एक तडा गेलेली फळी असायची. दारोगांनी फळी सारली, पळी बुडवली आणि वाटी यांच्यापुढं धरली. वाटीत बारीक अळ्या वळवळत होत्या.

हे वाकून बघायला लागले. सासूबाईंनीही वाकून बघितलं.

"ह्ये तर पाण्याचे जीव हायत," त्या म्हणाल्या. "कायम असतात. म्या गाळूनच घेते."

"माताजी, ह्येच जीव मोठे होऊन तुमच्या सुनेला चावले. पाणी ओतून टाका."

"मग डाळ तुमी शिजवून देणार का?"

दारोगा नरम आले. "मग खंदकातले दोन मासे ह्यात सोडा."

सासूबाई माहेरच्या उमरग्याकडच्या. राग आला की त्या कानडीत बोलायच्या. त्या दिवशी बराच वेळ बोलल्या. दारोगा बीदरचे निघाले, त्यांना सगळं समजलं. ते दोन पावलं मागं सरले आणि आळीपाळीनं यांच्याकडं आणि माझ्याकडं बघायला लागले. हे त्या वाटीकडंच बघत होते.

तोवर मी परक्या माणसापुढं कधी तोंड उघडलं नव्हतं. मी सासूबाईंना म्हणाले, "आत्याबाई, पाणी हंड्यांत गाळून घेऊ. मी रांजण घासते. परत भरला की तोंडाला पाऊस धरायचं धोतर दुहेरी करून बांधू. डास आत जाणार न्हाय, अन् डाळही शिजंल."

"घट्ट बसंल ना?" सासूबाईंनी दारोगांना विचारलं.

"सुतळीनं आवळा, म्हणजे बसंल," ते म्हणाले.

तसंच केलं. पंधरा दिवसांत डास कमी झाले. गेले नाहीत, पण चुलीपुढं बसवायला लागलं. खंदकाचा दोष नाही असा दुसरा अर्ज यांनी स्वतःहून तहसिलीत दिला. सासूबाई घरातली पळी घेऊन शेजारच्या पाच घरांचे रांजण तपासून आल्या. त्यातली दोन घरं पुढं महिनाभर आमच्याशी बोलत नव्हती.

मला ताप परत आला नाही. यांना आला. उजवा हात इतके दिवस रोज डासांपुढं धरलेला, त्यामुळं कुणालाच नवल वाटलं नाही. डॉक्टरांनी ठेवणीतल्या गोळ्या काढून दिल्या. थंडी भरली की मी वाकळा घालायची आणि त्यावर स्वतः रेलून बसायची, एवढे ते हलायचे. सासूबाई दाराशी बसून राहायच्या.

नवव्या दिवशी ते उठले, अंघोळ केली आणि शाळेत जायला कोट घातला. कोट खांद्यावरून घसरत होता. जेवायला बसताना म्हणाले, "तुला ताप होता तवा भ्या वाटलं व्हतं का?"

"वाटलं," मी म्हणाले.

"मलाबी," ते म्हणाले, आणि आमटी वाढ म्हणून वाटी पुढं केली.