घुमीची भिंत

आमच्या केंद्रात शाळा सुटलेली, कामं सुटलेली, घरच्यांनी नाद सोडलेली तरुण पोरं येतात. मी त्यांना वाचन आणि हिशेब शिकवते, म्हणजे त्यांची बोलणी खाते. टाइल बसवायला शिकवणारे मिस्त्री मात्र सगळ्यांचे लाडके. हातातून थापी सुटत नाही म्हणून पोरं त्यांना थापीकाका म्हणतात. मिस्त्री म्हणजे फणस, असं म्हणायची पद्धत आहे. मला या माणसाला काटे कधी दिसले नाहीत. कुणी यायचं थांबलं की काका कामाच्या कपड्यांतच त्याच्या दारात उभे.

त्यांच्या वर्गाची एक रीत होती. टाइल्स मोजक्या, भिंतीही मोजक्या. म्हणून आठवडाभर बसवलेलं शनिवारी उतरवायचं, टाइलांच्या पाठीवरचा माल खरवडायचा, धुऊन थप्पी लावायची. सरावाच्या मालात चुना-वाळूच जास्त, सिमेंट नावाला, त्यामुळे टाइल न फुटता सुटते. आणि ज्याची भिंत त्यानंच उतरवायची. आपल्या हातानं केलेलं आपणच मोडायचं म्हणजे जिवावर येतं, पोरं कुरकुरायचीच.

घुमी आली तेव्हा विशीची होती. बोलायची नाही म्हणून घुमी. शाळा सुटलेली, मग शिवणाचा क्लास सुटला, मग पार्लर. आई गेली आणि धाकटी भावंडं हिच्या गळ्यात पडली, पण ते घरात कुणी मोजत नव्हतं. बाप गोदामात हमाल. तो तिला येता-जाता आरंभशूर म्हणायचा. आमच्याकडूनही ती दोनदा गळाली आणि काकांनी दोनदा परत आणली. दुसऱ्या खेपेला बापानं काकांना तोंडावर सांगितलं, हिनं एक गोष्ट पुरी केलेली दाखवा, मग शिकू दे. नाहीतर हॉटेलात भांडी घासायचं काम तयार आहे.

त्या आठवड्यात घुमीनं पुरी भिंत बसवली. खिडकीच्या कोपऱ्यासकट, जिथं टाइल कापावी लागते आणि भल्याभल्यांचे हात चुकतात. शनिवारी काकांनी थापीच्या मुठीनं एकेक टाइल वाजवून पाहिली. खाली माल पोकळ राहिला की आवाज बदलतो. एकीचाही बदलला नाही. "ही माझ्या घरात चालेल," काका म्हणाले. घुमी हसली. तिचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

मग कुणाला काही न सांगता ती लवकरच निघून गेली. बाप संध्याकाळच्या पाळीला जायच्या आत त्याला गाठून उद्या सुट्टीला भिंत बघायला बोलवायचं होतं, हे आम्हाला मागाहून कळलं. आपली भिंत आपल्याशिवाय कोण उतरवणार, असं तिनं धरलं होतं. सांगून गेली असती तर ती घुमी कसली.

काकांना वाटलं, पोरीला स्वतःची भिंत मोडवेना म्हणून पळाली. त्यांना माया आली. आजवर कुणासाठी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. सगळे गेल्यावर तिची भिंत स्वतः उतरवली, एकेक टाइल घासून धुतली, टाइलांमागची भिंतही पुसून काढली. फोटो कुणाकडेच नव्हता. काकांच्या वर्गात मोबाइल दाराशी पेटीत ठेवावे लागतात.

दुसऱ्या दिवशी मी वह्या तपासायला आले होते, काका हत्यारं पुसत होते. घुमी बापाला घेऊन आली. बापानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. मला तो शर्ट अजून डाचतो. त्यालाही काहीतरी बघायचंच होतं.

दोघं कोऱ्या भिंतीपुढं उभे राहिले. काकांचा चेहरा उतरला आणि ते बोलतच सुटले, रीत काय, भिंत कशी होती, एकही टाइल पोकळ नव्हती. मीही शपथेवर सांगितलं. बापानं सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही भली माणसं आहात," तो म्हणाला. "तिची लाज राखताय. राहू द्या."

तो ओरडला असता तर मी भांडले तरी असते. घुमी त्याच्या मागोमाग निघून गेली. सोमवारपासून ती यायची बंद झाली.

काका तिच्या घरी खेटे घालत राहिले. शेवटी एक दिवस तिच्याच थोड्या टाइल्स पिशवीत भरून, मला सोबत घेऊन, हॉटेलच्या मागच्या दारी गेले. ती कढया घासत होती. काकांनी हात जोडल्यासारखं सांगितलं, चल, बाबांसमोर पुन्हा बसव, मी त्यांना घेऊन येतो.

"ते आता येणार नाहीत, काका," ती म्हणाली. "एकदा आले होते."

मग तिनं हात पुसले, पिशवीतली एक टाइल काढली, उलटी केली आणि पाठीवरून अंगठा फिरवला. आवाजात राग नव्हता, तेच मला सोसलं नाही.

"किती स्वच्छ धुतल्यात," ती म्हणाली. "एवढासा माल जरी चिकटून राहिला असता ना, तरी बाबांना दाखवता आला असता."

आतून हाक आली. तिनं टाइल पिशवीत परत ठेवली, कड फुटू नये म्हणून अलगद, आणि ती आत गेली.