माझी आई उदाहरण नाही

"या मावशी म्हणजे निष्काळजीपणाचं जिवंत उदाहरण."

निवेदिका माइकवर म्हणाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या मावशी म्हणजे माझी आई. स्टेजवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसली होती. अंगावर ठेवणीतली जांभळी साडी. पदराचं टोक दोन्ही हातांनी धरलेलं. टाळ्या वाजल्या म्हणून तीही जरा हसली.

मी खाली उभी होते, हातात बोर्ड धरून. 'रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंना पाहा.' रस्ता सुरक्षा सप्ताह होता. ठेक्यावर रस्ते झाडणाऱ्या आम्हा बायांना त्या दिवशी झाडू ठेवून बोर्ड धरायला लावले होते. शाळेची पोरं उन्हात आणून बसवलेली. स्टेजवर मात्र मांडव, पंखा आणि पाण्याच्या बाटल्या.

निवेदिका पुढं बोलत होती. दोन्ही बाजूंना न बघता रस्ता ओलांडला की काय होतं, ते या मावशींकडं बघा. अडाणीपणा असतो, घाई असते. आज आपले साहेब मोठ्या मनानं त्यांना वॉकर देत आहेत.

परत टाळ्या. माझ्या शेजारच्या बाईनंही वाजवल्या, बोर्ड काखेत धरून. तिच्याच दारावरून आम्ही आईला दवाखान्यात नेलं होतं. मला त्या गर्दीत फार एकटं वाटलं. इतक्या माणसांत खरं काय घडलं ते मला माहीत होतं, साहेबाला माहीत होतं, आणि आमच्या दोघांपैकी माइक त्याच्याकडं होता.

खरं काय घडलं ते सांगते.

आमची वस्ती अक्कलकोटकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. विहारावरचा झेंडा लांबून दिसतो. रस्त्याच्या पलीकडं सिटी बसचा थांबा. पूर्वी तिथं ब्रेकर होता. कागदोपत्री त्याला गतिरोधक म्हणतात. मैंदर्गीकडून माल भरून येणारे टेम्पो, कारखान्यांच्या गाड्या, मोटरसायकलवरची पोरं, सगळे तिथं हळू व्हायचे. त्या तेवढ्या वेळात आमच्या बायका आणि लेकरं रस्ता ओलांडायची. आई शुक्रवार पेठेत घरोघरी धुणीभांडी करायची. संध्याकाळच्या बसनं यायची, उतरायची, ब्रेकरपाशी थांबायची आणि पदर खोचून अलीकडं यायची. बाप लवकर गेला. नवऱ्यानं मला टाकलं. घरात आम्ही दोघीच. मी रोज वस्तीच्या तोंडाशी तिची वाट बघत उभी राहायची.

आमच्याकडं एक रीत आहे. वरून कुणी मोठा पाहुणा येणार असला की आधी रस्ता झाडून घेतात. मग झाडांच्या बुंध्यांना चुना लावतात. आणि मग ब्रेकर काढतात. पाहुण्याची गाडी उसळू नये म्हणून. पाहुणा गेला की ब्रेकर परत घालायचे असतात. बंगल्यांच्या कॉलनीपुढं ते घालतात. आमच्या वस्तीपुढचा 'राहून जातो'. कुणी ठेवत नाही, बरं का. आपला आपणच राहतो.

त्या वेळी जेसीबी आला तेव्हा मी कामावरच होते. उकरलेला डांबराचा राडा मीच झाडून पाटीत भरला. मुकादमाला विचारलं, परत घालणार ना. तो म्हणाला, घालू की. दुसऱ्या दिवशी काळ्या काचांच्या गाड्या सुसाट गेल्या. पाहुणा कोणता होता ते आम्हाला कळलंसुद्धा नाही. रस्ता मात्र गुळगुळीत झाला आणि तसाच राहिला.

ब्रेकर गेला आणि बसलाही थांबायचं कारण उरलं नाही. ड्रायव्हर नुसता वेग कमी करायचा, कंडक्टर उतरा उतरा करायचा. आई तशीच उतरायची, दांडा धरून, पाय चाचपत.

त्या संध्याकाळी मी अलीकडं उभी होते. म्हणून ठासून सांगते. आई उतरली. बस जाऊ दिली. उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं, परत उजवीकडं बघितलं. मला बघून हात वर केला. मग पाऊल टाकलं. पुढं गेलेल्या बसच्या आडून एक मोटरसायकल दुसऱ्या गाडीला मागं टाकत चुकीच्या बाजूनं आली. आई उडून पडली. डबा रस्त्यावर घरंगळत माझ्या पायाशी आला. मोटरसायकलवाला मागं न बघता गेला. बघायचं असतं ते फक्त आमच्यासारख्यांनी.

वस्तीतले रफिकभाई रिक्षा चालवतात. त्यांनी आईला उचलून रिक्षात घातलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. सरकारी दवाखान्यात आत सळई घातली. घरी आली ती परत शुक्रवार पेठेत गेलीच नाही. घरातली प्लॅस्टिकची खुर्ची पुढं सरकवायची, तिच्या पाठीला धरून एक पाऊल टाकायचं, परत खुर्ची सरकवायची. असं करत ती मोरीपर्यंत जायची. खुर्चीचा तो करकर आवाज दिवसभर घरात असायचा. मी कामावर गेले की तो ऐकायलाही कुणी नसायचं.

मी साहेबाकडं गेले. रस्त्यांचं काम बघणारा, स्टेजवरचा तोच हा साहेब. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बस म्हणाला नाही. मी उभ्यानंच सांगितलं, आमच्यासमोरचा ब्रेकर परत घाला, माझी आई पडली. तो मोबाइलमधून वर न बघता बोलला.

"तुमच्यात शिस्तच नाही. कुठूनही आडवे पळता. दोष ब्रेकरचा नाही."

'तुमच्यात' म्हणजे कुणात, ते त्यानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. लहानपणापासून तो शब्द ऐकत आलेय. शाळेत पाण्याच्या टाकीपाशी ऐकला, आई काम करायची तिथं मागच्या दाराशी ऐकला. त्याचा पत्ता आम्हाला पाठ आहे. मी तोंडातल्या तोंडात बरं साहेब म्हणाले आणि बाहेर आले. जिना उतरताना स्वतःची लाज वाटली. बरं कशाला म्हणाले मी? काय बरं होतं त्यात?

मग वस्तीतल्या पोरांनी दगडविटा आणि मातीचा ब्रेकर स्वतःच घातला. एक दिवस टिकला. दुसऱ्या दिवशी एका पांढऱ्या गाडीचं बूड घासलं. गाडीवाल्यानं तिथंच उभं राहून फोन लावला, आणि बघता बघता पालिकेची माणसं हजर. माझ्या आईच्या हाडासाठी कुणी फिरकलं नव्हतं. गाडीच्या बुडासाठी धावत आले. सगळं खरवडून नेलं आणि वर दम दिला, पुन्हा घातलात तर पोलिसात देऊ. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच.

बरेच दिवस गेले. मग एका सकाळी हजेरीच्या वेळी मुकादम गोड बोलला. साहेब तुझ्या आईला वॉकर देणार आहेत, कार्यक्रमाला घेऊन ये. मी घरी जाऊन सांगितलं तेव्हा आईच्या तोंडावर किती दिवसांनी उजेड आला. तिनं जांभळी साडी काढली. केसांना तेल लावून घेतलं. खुर्ची ढकलून ढकलून ती कंटाळली होती. रफिकभाईंच्या रिक्षातून आम्ही गेलो. उदाहरण म्हणून नेतोय, असं आम्हाला कुणी बोललं नव्हतं.

तर निवेदिका बोलत होती, टाळ्या वाजत होत्या. साहेबानं वॉकर आईच्या हातात दिला. फोटो निघाला. मग निवेदिकेनं माइक आईच्या तोंडापुढं धरला. मावशी, आता सगळ्यांना सांगा, माझी चूक झाली, तुम्ही करू नका.

आई माझ्याकडं बघायला लागली. तिच्या ओठांची हालचाल दिसली. ती म्हणणार होती. ते बोलायला सांगतायत, दिलंय तर बोललं पाहिजे, असं तिला वाटलं असणार. आयुष्यभर तिनं तेच केलंय. शिळं अन्न घेतलं आणि बरं बाई म्हणाली. जुनी साडी घेतली आणि बरं बाई म्हणाली.

माझ्या हातातला बोर्ड मी खाली टाकला. कधी चढले ते आठवत नाही. मी स्टेजवर होते आणि माइक तिथंच, आईच्या तोंडापुढं होता. मी वाकून त्यात बोलले.

"माझ्या आईनं दोन्ही बाजूंना बघितलं होतं. मी तिथं उभी होते. ब्रेकर तुम्ही काढलात. पाहुण्यासाठी काढलात आणि परत घातला नाहीत."

माइक बंद झाला. पुढं बसलेली पोरं माझ्याकडं टकाटका बघत होती. साहेब माझ्याजवळ आला, लोकांकडं हसून बघत, आणि हळू आवाजात म्हणाला,

"वॉकर पाहिजे की नको?"

"नको," मी म्हणाले.

वॉकर काढून घ्यायला मी हात घातला. तो सुटेना. आईनं दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"राहू दे की गं. ह्याला धरून मला हुबं राहता येतंय."

मी हात काढून घेतला. तिला न विचारता मी तिच्या वतीनं नको म्हणाले होते. खोटं होतं ते त्यांचं बोलणं, वॉकर खोटा नव्हता. तो तिच्या उपयोगाचा होता. मी बाजूला झाले. आई उभी राहिली, वॉकर धरून, कुणाचा हात न धरता. कितीतरी दिवसांनी. आणि ते बघून मी खूश व्हायचं की रडायचं, ते मला कळेना. त्या स्टेजवर माझ्या बाजूनं माझी आईसुद्धा नव्हती.

साहेबाच्या शेजारी कार्यक्रमाचे प्रमुख पाहुणे बसले होते, त्यांनी वेळ सावरून घेतली. पेपरवाले समोर होते. लगेच ब्रेकर घालून द्या, म्हणाले. आणि थोड्या दिवसांत खरंच घातला. पांढऱ्या पट्ट्यांसकट.

आता वस्तीतली लेकरं तिथून ओलांडतात. बस परत थांबते. पण कुणी मला त्याबद्दल एक शब्द बोललं नाही. मुकादमानं माझी गल्ली बदलली. ओळखीच्या बायांमधून काढून मला एकटीला मंडईच्या मागच्या रस्त्यावर टाकलं. "बाई, तोंड लई चालायलंय तुझं," एवढंच म्हणाला. वस्तीची गटार अर्धवट खणून ठेवली होती, ती तशीच राहिली. विचारायला गेलेल्यांना ऑफिसातून सांगितलं, तुमच्या त्या बाईला विचारा. तेव्हापासून नळावर मी गेले की बोलणं थांबतं. बाया कळशी उचलून थोडं पुढं सरकतात. माझा राग येतो त्यांना, आणि मला त्यांचा. पण त्यांना दोष देऊन कुठं जाऊ? तेवढीच माझी माणसं आहेत.

आई वॉकर घेऊन दारापर्यंत जाते. खुर्चीचा आवाज गेला. ती माझ्याशी कमी बोलते. एकदाच म्हणाली, "देनाऱ्याला असं बोलू न्हाय." मी म्हणाले, त्यांनी आधी तुझ्याकडून घेतलं होतं, आई. तिनं तोंड फिरवलं.

आज सकाळी हजेरीला कळलं. परत कुणीतरी मोठं येणार आहे. झाडांना चुना लावायला सुरुवात झाली. मलाही मंडईमागून आणून सगळ्यांना मोठ्या रस्त्यावर झाडायला लावलं. मुकादम म्हणाला, उद्या उजाडल्यावर ब्रेकर काढणार, पाहुणे गेले की घालू की परत. तेच शब्द.

संध्याकाळी मी दारोदार गेले. म्हणाले, उद्या सगळे मिळून ब्रेकरवर बसू. कुणी म्हणालं, कामावर जायचंय. कुणी म्हणालं, गटार होऊ दे आधी. एका बाईनं दार अर्धं लोटून ऐकलं. रफिकभाई रिक्षा पुसत होते. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि खाली बघत बोलले.

"बात तेरी सही है बहन. पन मेरेकू रोज इसीच रोडपे धंदा करना है."

त्यांना काय बोलणार? आईला घेऊन धावले होते ते हेच.

घरी आले. आई वॉकरला धरून दारात उभी होती. तिला कुणीतरी सांगितलं असावं.

"नगं जाऊस," ती म्हणाली. "काम बी जाईल."

जाईल. मला माहीत आहे. कुणी येणार नाही, तेही माहीत आहे. मला भीती वाटते. खोटं कशाला बोलू? पण साहेबाच्या खोलीत जे बरं म्हणाले होते, ते आता माझ्या तोंडून निघणार नाही.

उद्या उजाडलं की मी ब्रेकरवर जाऊन बसणार आहे. एकटी. पांढऱ्या पट्ट्यांवर. जेसीबी येईल, मुकादम येईल, साहेब येईल. मला उचलून नेतील तर परत येऊन बसेन. ते सांगतील, बाई, पाहुण्यांच्या गाडीला हिसका बसेल. बसू दे. आमच्या दारापुढून जाताना एकदा बसू दे. हिसक्यानं कुणाचं खुब्याचं हाड मोडत नाही.