पत्र्याचं दुसरं टोक

हाताने काम करणारा माणूस मुळात खोटं बोलू शकत नाही, कारण लाकूड आणि धातू खोटेपणा खपवून घेत नाहीत. हे वाक्य माझं आहे. आमच्या सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात मी ते उभं राहून म्हटलं होतं आणि बटाटेवडे यायला उशीर असल्यामुळे त्याला बऱ्यापैकी टाळ्याही पडल्या होत्या. माझे साडू पाहुणे म्हणून आले होते. ते पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. धातूबद्दलचं मत मला नंतर बदलावं लागलं. ॲल्युमिनियम वाटेल ते खपवून घेतं.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नात्याने मोठे, म्हणून सासुरवाडीच्या पंगतीत पहिलं पान त्यांचं आणि दुसरं माझं, असं चाळीस वर्षं चाललं आहे. ते एका कार्यालयातून अधिकारी म्हणून निवृत्त झाले. तिथे त्यांचं काम मुख्यतः सहीचं होतं आणि ती सही अजूनही चांगली आहे. कोथरूडमध्ये त्यांचा लहानसा बंगला आहे, बंगल्याला गॅरेज आहे. गॅरेजमध्ये जुन्या गाद्या, कूलर आणि मुलाचं लहानपणचं टेबल असल्यामुळे गाडी मात्र रस्त्यावर उभी असायची.

मी हडपसरला एका कारखान्यात पॅटर्नमेकर होतो. बिडाची वस्तू ओतायची तर आधी तिचा लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून साचा पाडतात, साच्यात लोखंड ओततात आणि नमुना पुन्हा फळीवर ठेवून देतात. तयार वस्तूवर कंपनीचं नाव उठून दिसायचं. ती अक्षरंही मीच कोरलेली असायची. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ते पगारी काम होतं.

गाडीचं काम पगारी नव्हतं.

सुरुवात साडूंनीच केली. मार्केट यार्डातल्या एका आडत्याच्या गोदामात गुळाच्या ढेपा रचायला उंचवटा म्हणून एक जुनी चॅसी पडून होती. गाडीचा नुसता लोखंडी सांगाडा, चार चाकांच्या जागा आणि त्यावर बसलेलं, बंद पडलेलं इंजिन. कागदपत्रं मात्र शाबूत होती. साडूंनी मला फोन केला. "साडूबुवा, एक सांगाडा सापडलाय. तुमच्यासारखा माणूस असताना तो गुळाखाली राहणं बरं दिसत नाही." कारखाना सुटल्यापासून मला 'तुमच्यासारखा माणूस' असं कुणी म्हटलं नव्हतं. मी त्याच दिवशी बस पकडली.

जुनी गाडी पुन्हा होती तशी करायला तिची मूळ बॉडी उरली नव्हती. ती कशी होती हे कागदांवरूनही कळत नव्हतं. तेव्हा मी सुचवलं की आपण स्पीडस्टर करू. दोघांपुरती, छप्पर नसलेली, दारं नसलेली, पुढे लांब नाक आणि मागे होडीसारखी निमुळती होत गेलेली. अशा गाड्या जुन्या काळी हौशी लोक स्वतःच्या शेडमध्ये बनवून घेत. जुन्या सांगाड्यावर नवं, आपलं. आम्ही काही लपवत नव्हतो, हे इथे मुद्दाम लिहून ठेवतो.

इंजिन एका ओळखीच्या मेकॅनिकने चालू करून दिलं, बॉडीला मात्र तीन वर्षं लागली. आठवड्याचे दोन दिवस, गुरुवार आणि रविवार. रविवार साडूंच्या सोयीचा. गुरुवार माझा, कारण आयुष्यभर कारखान्याची सुट्टी गुरुवारी असल्यामुळे त्या दिवशी मला स्वतःचं काम केल्याशिवाय चैन पडत नाही. मी आधी गाडीच्या आकाराचा लाकडी साचा केला. मग ॲल्युमिनियमचा पत्रा वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोड्याने ठोकायचा, साच्यावर बसवून बघायचा, पुन्हा ठोकायचा. ठोकून पत्रा कडक होतो. तो मऊ करायला त्यावर कपडे धुण्याचा साबण घासायचा आणि खालून ज्योत फिरवायची. साबण काळा पडला की थांबायचं. थोडं जास्त तापलं तर पत्रा वितळून खाली पडतो. पहिल्या वर्षी दोन पडले.

साडूंना यातलं काही येत नव्हतं, आणि तसं त्यांनी कधी म्हटलंही नाही. पण मोठा पत्रा एकट्याने ठोकता येत नाही. दुसरं टोक धरायला माणूस लागतो, आणि तो माणूस चांगला लागतो. त्याने हलायचं नाही, बोलायचं नाही, आणि ठोकणाऱ्याच्या हातोड्याबरोबर पत्रा किंचित वर न्यायचा. साडू ते उत्तम करायचे. सहा महिन्यांत असं झालं की मी हातोडा उचलायच्या आधी त्यांच्या मनगटाचा कोन बदललेला असायचा. माझ्या लग्नानंतर कुणी माझं इतकं नीट ऐकलेलं नाही, आणि आम्ही तर बोलतही नव्हतो.

दिव्यांचं अडलं. तसले मोठे, पोटाचे गोल दिवे कुठे मिळेनात. एका रविवारी जेवताना माझ्या समोर कोशिंबिरीचा स्टीलचा खोल वाडगा होता. मी कोशिंबीर पानात वाढून घेतली आणि वाडगा उलटा करून बघू लागलो.

"काही हवंय का?" मेव्हणीने विचारलं.

"वाडगा."

"बाई गं," ती माझ्या बायकोला म्हणाली, "तुझाही दे. एकाच डोळ्याची गाडी काय करणार हे?"

दोघी बहिणींना लग्नात मोठ्या मावशीने एकाच मापाचे वाडगे दिले होते. बायकोने एकच अट घातली. वाडग्यावर मावशीने घातलेली अक्षरं घासायची नाहीत. "मावशी गेली. तिने घरोघर दिलेली भांडी आहेत, ती नावानेच ओळखायची." मी शब्द पाळला. वाडग्यांना बुडाला भोक पाडून वायर आत घेतली, तोंडाला काच बसवली, बाहेरून चकचकीत पॉलिश केलं आणि अक्षरं असलेली बाजू खाली वळवली. गाडीपुढे उकिडवं बसल्याशिवाय ती दिसत नाहीत.

शेवटी मी एक पितळी पट्टी कोरली, बोटभर. त्यावर आम्हा दोघांची नावं. साडूंचं आधी, पंगतीप्रमाणे. ती त्यांनीच स्वतःच्या हाताने स्टिअरिंगखाली चार स्क्रूंनी बसवली आणि म्हणाले, "आता कुणी विचारलं तर बोट दाखवायचं. बोलायचं कामच नाही." मला एवढंच हवं होतं. कुणी विचारलं तर बोट दाखवायला एक जागा.

दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घातली, हातोड्यांनाही हळदकुंकू वाहिलं आणि गल्लीला तीन फेऱ्या मारल्या. साडू चालवत होते. मी शेजारी. तिसऱ्या फेरीला समोरच्या बंगल्यातले आजोबा फाटकाशी येऊन म्हणाले, "कुठून आणली?" साडूंनी पट्टीकडे बोट दाखवलं. मला आठवतंय, कारण ते त्यांनी पुन्हा कधी केलं नाही.

नंतर मी मुलीकडे नागपूरला दोन महिने होतो. परत आलो त्या गुरुवारी सवयीने कोथरूडला गेलो. गॅरेजमध्ये व्हिनेगरचा वास होता. गाडीच्या कडांवरचा रंग घासून काढलेला, लोखंडी पट्ट्यांवर व्हिनेगर चोळून आणलेला ताजा गंज, सीटचं चामडं भेगाळलेलं. आणि मागच्या निमुळत्या भागावर, जिथली एक लाट काढायला मला अकरा दिवस लागले होते, तिथे एक पोचा.

"हा कसा पडला?"

"पाडला," साडू म्हणाले. "फार नवी दिसत होती हो. जरा वापरल्यासारखी हवी. नारळाने पाडला. हातोडीचा वण राहिला असता."

हातोडीचा वण राहतो हे त्यांना मीच शिकवलं होतं.

 हल्ली लोक नव्या पँटी फाटक्या विकत घेतात, तसलंच काहीतरी असेल म्हटलं. पट्टीच्या जागी गणपतीचं पदक चिकटवलेलं होतं. "पट्टी पॉलिशला दिलीय," ते म्हणाले. बोटभर पितळ पॉलिशला द्यायला लागतं हे मला नवीन होतं. पण गणपती होता, तेव्हा वाद घालता येईना.

खरं काय ते जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात कळलं. शहराबाहेरचं एक मैदान, सनई, फेट्यांचा स्टॉल, आणि ओळीने उभ्या असलेल्या गाड्या. गाडीपेक्षा मालक जास्त पॉलिश केलेले. आमच्या गाडीशेजारी साडू उभे होते, शेरवानी आणि पगडीत. ते ज्या घराण्यातले आहेत त्यात पगडी घालणारा त्यांच्या आधी कुणी झाला असेल, तर तो त्यांनी आजवर लपवून ठेवला होता. गाडीपुढे स्टँडवर फलक होता. त्यात लिहिलं होतं की ही गाडी त्यांच्या आजोबांना एका संस्थानिकाने सेवेबद्दल बक्षीस दिली, ती तीन पिढ्या घरात आहे आणि तिच्या मूळ पत्र्याला आजवर कुणी हात लावलेला नाही. खाली बारीक अक्षरात होतं : देखभाल – घरचे मिस्त्री.

मी ते दोनदा वाचलं. साडूंचे आजोबा पोस्टात होते.

"घरचे मिस्त्री म्हणजे कोण?" मी विचारलं.

"हळू बोला."

"हळूच विचारतोय. कोण?"

"अहो, इथे घरी बनवलेल्या गाड्यांना वर्गच नाही," साडू म्हणाले. "त्या बाहेर पार्किंगमध्ये लावायला सांगतात. आत यायचं तर जुनी लागते. सांगाडा जुना आहेच ना? कागद खरे आहेत. उरलेलं जरा... वातावरण आहे."

"आणि पट्टी?"

"पट्टीवर दोन नावं होती. संस्थानिकांनी बक्षीस दिलेल्या गाडीवर दोन साडूंची नावं कशी दाखवू?"

हा युक्तिवाद बिनतोड होता, हे मान्य करायला हवं.

तेवढ्यात परीक्षक आले. तिघे. त्यातले मुख्य गृहस्थ हातात लहान टॉर्च घेऊन होते. सगळे त्यांना वाट देत होते. ते आमच्या गाडीपाशी थांबले आणि पत्र्यावरून उलटा हात फिरवू लागले. उलटा हात, कारण बोटांच्या टोकांपेक्षा त्यांच्या पाठीला उंचसखल लवकर कळतं. म्हणजे माणूस जाणकार होता. ते माझ्या दुर्दैवात भर घालणारं ठरलं.

"बघा," ते दुसऱ्यांना म्हणाले, "कडेला हातोड्याचा घाव लहान होत गेलाय. मशीनचं काम नाही हे. पूर्वीची माणसं पत्र्याशी घाई करत नसत. आज असा पत्रा ठोकणारा माणूस पुण्यात उरलेला नाही."

माझ्या कामाबद्दल आयुष्यात मी ऐकलेलं हे सर्वांत चांगलं वाक्य. ते मी उरलेलो नाही असं सांगत होतं.

"तो पत्रा मी ठोकलाय," मी म्हणालो. "गेल्या तीन वर्षांत. यांच्या गॅरेजमध्ये."

परीक्षक माझ्याकडे वळले आणि समजूतदार हसले. "काका, आपण दुरुस्ती केली असेल. ठोकणं वेगळं." मग त्यांनी टॉर्च धरून मला माझेच घाव दाखवले आणि ते माझे का असू शकत नाहीत हे समजावून सांगितलं. समजावणं सुरेख होतं. कारखान्यात शिकाऊ मुलांना मी इतकं चांगलं कधी सांगू शकलो नाही.

मी साडूंकडे पाहिलं. आता फक्त त्यांनी एक वाक्य बोलायचं होतं. पुढे बक्षीस गेलं असतं, फलक गेला असता, पगडी थोडी वाकडी झाली असती. तीन वर्षं मी हातोडा उचलायच्या आधी ज्यांचं मनगट वळायचं, त्यांना माझी नजर कळली नाही असं मी म्हणणार नाही. त्यांनी पगडी सारखी केली.

"आमचे साडू फार विनोदी आहेत," ते म्हणाले.

सगळे हसले. मेव्हणी हसली नाही. ती थोडी मागे, खुर्च्यांपाशी, माझ्या बायकोचा हात धरून उभी होती. परीक्षक पुढे झाले, दिव्यांपाशी. मुख्य गृहस्थांना वाकायचं होतं. त्यांनी गुडघ्यावर हात ठेवला, विचार केला आणि उभ्यानेच टॉर्च मारला. "निकेलचा मुलामा," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

मी तेव्हा बोलू शकलो असतो. म्हणालो असतो, बसा जरा खाली आणि वाचा. मेव्हणी माझ्याकडेच बघत होती. तिचा वाडगा डावीकडचा. मी बोललो असतो तर चाळीस वर्षांच्या पंगतीतली पहिली दोन पानं त्या मैदानावर फाटली असती, आणि ती तिला उचलावी लागली असती. मी चहा घ्यायला गेलो.

परतताना रिक्षा केली. पुलापाशी सिग्नलला बायको म्हणाली, "भावोजींना फोन करून वाडगा परत मागू का?"

"नको."

"मग कोशिंबीर कशात करू?"

"तुला कोशिंबिरीचं सुचतंय?"

"मला दुसरं सुचतंय ते रिक्षात बोलण्यासारखं नाही," ती म्हणाली.

गुरुवारी मी आता कोथरूडला जात नाही. हातोडे आणले. लाकडी साचा आणायला गेलो तेव्हा तो बंबात गेल्याचं कळलं. साचा दिसला की लोक विचारतात, असं साडूंचं म्हणणं. पितळी पट्टी पॉलिशहून अजून आलेली नाही. दिवाळीला मात्र आम्ही जातो. जावंच लागतं, सख्ख्या बहिणी आहेत. पहिलं पान अजून त्यांचंच असतं. ते मला आग्रहाने वाढतात आणि मी घेतो. त्यांच्याशी बोलण्यासारखं माझ्याकडे आता काही नाही. पूर्वी आम्ही बोलायचो नाही ते वेगळं होतं.

त्यांच्या हॉलमध्ये, पानाच्या बरोबर समोर, परीक्षकांचा अभिप्राय फ्रेम करून लावला आहे. गाडीला तिच्या वर्गात पहिलं बक्षीस मिळालं. अभिप्रायात पत्र्याबद्दल दोन ओळी आहेत, त्या मला पाठ आहेत. तिसरी ओळ दिव्यांबद्दल आहे : मूळचे, संस्थानकालीन, अन्यत्र कुठेही न आढळणारे.

दोन्ही दिव्यांच्या पोटाखाली लिहिलं आहे : 'मोठ्या मावशीकडून सप्रेम भेट'.